सोमवारी या!

एका सरकारी टेबलाच्या आत बसणारा बाप दुसऱ्या सरकारी टेबलाच्या बाहेर उभा राहतो, तेव्हा त्याला काय काय दिसतं?

तुम्ही मला ओळखता. नावानं नाही, पण ओळखता.

ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला तुम्ही तहसील कचेरीत गेला असाल. तिथं खिडकीच्या आत चष्मा कपाळावर सरकवून बसलेला एक माणूस होता. मान वर न करता ‘सर्व्हर डाउन आहे, सोमवारी या’ म्हणणारा. तो मी. किंवा माझ्यासारखाच दुसरा कुणीतरी. आणि बाहेर पडताना तुम्ही मित्राला आमच्याबद्दल जे काही म्हणालात ना, ते आत ऐकू येतं बरं का. आमच्या खिडकीला काच नाही.

आज मी खिडकीच्या बाहेर येऊन बोलतोय. तक्रार करायला नाही. म्हणजे तक्रार आहेच, पण ती अर्धी माझ्यावरच आहे.

मी तालुक्याच्या गावी लिपिक आहे. आणि माझी लेक पळते. ८०० मीटर. या दोन वाक्यांत माझं सगळं आयुष्य आलं आणि या दोन वाक्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही.

आठ किरकोळ रजा आणि एक पळणारी पोरगी

‘सरकारी नोकरी म्हणजे मजा’ असं तुमच्यापैकी अनेकांना वाटतं. अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर वाटतंच. कबूल करतो, पगार वेळेवर होतो. शनिवार-रविवार सुट्टी असते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. त्याबदल्यात वेळ झाली सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. पेन्शनचं मात्र विचारू नका. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि मी लागलो २००८ ला. मार्च २०२३ च्या संपात मीही घोषणा देत होतो.

पण माझं रोजचं दुखणं पेन्शनचं नाही. माझ्या टेबलावर तीन टेबलांचं काम आहे. शेजारचे भाऊसाहेब रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पलीकडच्या मॅडमची बदली झाली, त्यांच्याही जागी कुणी आलं नाही. त्यांच्या फायली मात्र आल्या. वर जून-जुलैत दाखल्यांचा पूर येतो. सर्व्हर कासवासारखा. बाहेर रांग, आत साहेबांचा फोन, ‘ती माहिती आत्ताच्या आत्ता मेल करा’. हे सांगतोय ते सहानुभूती मिळावी म्हणून नव्हे. पुढं जे सांगणार आहे, ते कळावं म्हणून.

वर्षाला किरकोळ रजा मिळतात आठ. आता खेळाडूच्या बापाचा हिशोब मांडा. तालुका स्पर्धेला एक. जिल्हा स्पर्धेला एक. विभागाला जाण्यायेण्यासकट दोन, राज्याला तीन. झाल्या सात. उरलेली एक पोरीच्या तापाला, घरातल्या लग्नाला आणि गॅसच्या केवायसीला मिळून. अर्जित रजा असतात, पण त्या मागायला गेलं की साहेब विचारतात, ‘कारण?’ ‘मुलीची रेस आहे साहेब.’ साहेब वाईट नाहीत. फक्त हसतात. त्या हसण्याचा अर्थ असा, की रेस म्हणजे काय आजारपण आहे का?

शालेय स्पर्धा कधी असतात? मंगळवारी. बुधवारी. आम्हाला सुट्टी असते त्या दिवशी सहसा नाहीच. आणि कळतं कधी? आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, पीटीच्या सरांच्या व्हॉट्सॲपवर. ‘उद्या स. ८ वा. रिपोर्टिंग. आधार, बोनाफाईड, ओळखपत्र सोबत. उशीर झाल्यास जबाबदारी पालकांची.’ सरांचा दोष नाही, त्यांनाही तेव्हाच कळलेलं असतं. पहाटेची एसटी पकडायची. पोरीला अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून महिलांना मिळतंय तसं. मला पूर्ण. तेवढ्यावरूनही ती मला चिडवते, ‘पप्पा, तुम्ही महाग पडता.’

आठचं रिपोर्टिंग, पावणेचारची रेस

जिल्ह्याचं मैदान तुम्ही पाहिलंय का? टीव्हीवर दिसतो तसला लाल-निळा सिंथेटिक ट्रॅक नव्हे. माती. रात्री पाऊस झालेला असेल तर चिखल. त्यावर पहाटे फक्की मारून आखलेल्या रेघा, त्याही दुपारपर्यंत पुसट होतात. ट्रॅक २०० मीटरचा, म्हणजे ८०० ला चार फेऱ्या. आठला बोलावलेल्या पोरी अकरापर्यंत उन्हात बसून, कारण उद्घाटनाचे पाहुणे यायचेत. पाहुणे आले, फुगे सोडले, भाषणं झाली. खेळाचं महत्त्व सांगून झालं. मग जेवणाची सुट्टी. ८०० मीटर मुली, १७ वर्षांखालील, सुरू झाली पावणेचारला.

एक गोष्ट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. सकाळपासून माझ्या पोरीनं पाणीच प्यायलं नव्हतं. मी बाटली पुढं केली की घोटभर घ्यायची, परत द्यायची. मी ओरडलो. तेव्हा तिच्या मैत्रिणीची आई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘भाऊ, पोरी पाणी पीत नाहीत ग्राउंडवर. जायचं कुठं?’ मैदानाच्या कोपऱ्यात एक स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली कुणाकडं, कुणालाच माहीत नव्हतं.

विचार करा. सकाळी आठपासून उन्हात, पाणी न पिता बसलेली पंधरा वर्षांची पोरगी पावणेचारला ८०० मीटर पळते आणि आपण बाहेर उभं राहून म्हणतो, ‘हिचा स्टॅमिनाच कमी आहे!’

‘आपण’ कशाला म्हणू? मीच म्हणालो ते.

आणि तेवढंच नाही केलं. रेस सुरू झाल्यावर मी दोरीला पोट लावून ओरडत होतो, ‘हात हलव! हात! मागं बघू नको! अगं पळ की!’ शेवटच्या वळणावर ती पहिली होती. माझ्या आवाजाच्या दिशेनं तिची मान वळली, एकदाच. तेवढ्यात आतल्या बाजूनं दुसरी पोरगी निघून गेली. लेक दुसरी आली.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘पप्पा, एक सांगू? तुम्ही ऑफिसात लोकांवर ज्या आवाजात ओरडता ना, त्याच आवाजात ग्राउंडवर ओरडता.’

ती लहानपणी कधीमधी शाळा सुटल्यावर माझ्या ऑफिसात येऊन बसायची. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाजवळ, गृहपाठ करत. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

पहिले दोघे विभागाला जातात. म्हणून ती गेली. मी जाऊ शकलो नाही. साल २०२४, विधानसभेची निवडणूक लागलेली. २० नोव्हेंबरला मतदान. आमच्या रजा बंद आणि तिच्या रेसच्या दिवशी माझं निवडणुकीचं प्रशिक्षण. हॉलमध्ये पुढं मतदान यंत्राची जोडणी समजावून सांगत होते आणि मी मांडीवर मोबाइल ठेवून बसलो होतो. सरांनी व्हिडिओ पाठवला. चौदा सेकंदांचा. त्यात फक्त शेवटचे काही मीटर. माझी पोरगी पहिली. वेळ दोन मिनिटं ३४ सेकंद, तिची तोपर्यंतची सगळ्यात चांगली.

मी नव्हतो तेव्हाची.

नावात तफावत

राज्य स्पर्धेत ती सातवी आली. खूश होती. मीही. दहावीचं वर्ष होतं. खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच, कामगिरीच्या पातळीनुसार, जास्तीत जास्त २५. शाळेनं प्रस्ताव क्रीडा कार्यालयात पाठवला. मार्चमध्ये शाळेतून फोन आला, ‘प्रस्ताव त्रुटीत निघालाय. नावात तफावत.’

तफावत काय होती? आमच्या आडनावात इंग्रजीत ‘डब्ल्यू’ आहे. स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर कुणीतरी ‘व्ही’ टाइप केलेलं. मराठीत दोन्हीचा ‘व’च. पण कागद मराठीत वाचला जात नाही.

मी रजा टाकून ७० किलोमीटरवर जिल्ह्याला गेलो. टेबलाच्या आत बसलेला माणूस माझ्याच वयाचा. माझ्यासारखाच चष्मा कपाळावर. मान वर न करता म्हणाला, ‘साहेब टूरवर आहेत. सोमवारी या.’

पोरांनो, त्या क्षणी मला राग यायला हवा होता ना? नाही आला. मला हसू आलं आणि मग एकदम कसंतरी झालं. ते वाक्य, तो सूर, ती मान, सगळं माझंच होतं. आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं.

सोमवारी गेलो. ‘शाळेचं पत्र आणलंय का? लेटरहेडवर?’ हे गुरुवारीच सांगता आलं नसतं का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मीही कुणाला सगळं एकदम कधी सांगितलंय? तिसऱ्या खेपेला पत्र घेऊन गेलो तो शेवटचा दिवस होता. साहेब मीटिंगमध्ये. पाच वाजले. सहा वाजले. सव्वासहाला ऑफिस रिकामं झालं. तो लिपिक मात्र उठला नाही. मला म्हणाला, ‘बसा. माझा मुलगा कबड्डी खेळतो.’ साहेब आले सात वाजता. त्यांनी सही केली, त्यानं शिक्का मारला. यादी त्याच रात्री पुढं गेली. पोरीचे गुण वाचले.

परतीच्या शेवटच्या एसटीत मला त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटत होती, ती खरीच. पण दुसरंही काहीतरी आठवत होतं. त्याच्या आधीचा जून.

जून २०२४. एक पोरगा माझ्या खिडकीवर आला होता. उत्पन्नाचा दाखला. त्याला सरकारी वसतिगृहाचा फॉर्म भरायचा होता. आधारवर आणि रेशन कार्डावर वडिलांच्या नावात फरक होता. मी अर्ज त्रुटीत काढला. त्यानं ते दुरुस्त करून आणलं. मग मी पाहिलं, तलाठ्याचा अहवाल जुना आहे. परत त्रुटी. मी पहिल्याच दिवशी सगळे कागद पाहिले असते तर दोन्ही गोष्टी एकदम सांगता आल्या असत्या. पाहिले नाहीत. रांग होती, सर्व्हर होता, साहेबांचा फोन होता. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा शुक्रवार होता. मी म्हणालो, ‘सोमवारी या.’ तो म्हणाला, ‘सर, आज लास्ट डेट आहे.’ मी म्हणालो, ‘मग आधी यायचं नाही का?’

तो आधीच आला होता. दोनदा.

एसटीतून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जुना अर्ज शोधला. त्यावर मोबाइल नंबर होता. फोन लावला. कशासाठी लावला, खरं सांगतो, मलाही माहीत नव्हतं. त्यानं उचलला. मागं मशीनचा आवाज. चाकणला कंपनीत लागलाय म्हणाला. कॉलेज? ‘नाय सर, वसतिगृहाचं नाय झालं. मग खोलीचं भाडं परवडंना. आता कामाला लागलोय. काय काम होतं का सर?’

मी म्हणालो, ‘नाही. सहज.’

कडक राहा, पण एकदाच सांगा

आता कुणी म्हणेल, कागद तपासायलाच तर तुम्हाला बसवलंय. अगदी बरोबर. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रं दाखवून त्या जागा बळकावल्याची प्रकरणं आपल्याच राज्यात उघडकीला आली आहेत. न खेळलेल्या कुणीतरी खेळलेल्याची जागा खाल्ली. त्यामुळं पडताळणी हवीच. कडकच हवी. माझं म्हणणं वेगळं आहे. कडक असणं आणि छळणं यात फरक आहे. बोगसवाल्याला तीन खेपा परवडतात, त्याचा त्यात फायदाच असतो. खऱ्या खेळाडूच्या बापाच्या तीन खेपा म्हणजे आठातल्या तीन रजा. आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बापाच्या तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची चूल.

खेळाडू घडतो म्हणतो आपण, पण त्याच्यामागं कोण कोण घडत असतं बघा. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. त्यांच्यानंतर मराठी खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ जिंकलं. वडील शिक्षक, म्हणजे आमच्यासारखेच पगारदार. स्वतः स्वप्निल तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. माणमधल्या मोहीसारख्या गावातून निघालेली ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसची फायनल पळाली. ही नावं आपण घेतो, टाळ्या वाजवतो. पण त्यांच्यासारख्याच किती जणी जिल्ह्याच्या मैदानावर, कुलूपबंद स्वच्छतागृहाजवळ, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’च्या मधे थांबल्या असतील, त्याची यादी कुठल्याच कार्यालयात नाही.

म्हणून मला जे वाटतं ते सरळ सांगतो. फार मोठ्या मागण्या नाहीत. नवीन स्टेडियम मागत नाही.

एक, शालेय स्पर्धांच्या तारखा निदान पंधरा दिवस आधी जाहीर करा आणि शक्य तिथं शनिवार-रविवारी घ्या. पळणारं पोर एकटं पळत नाही, घर त्याच्याबरोबर पळतं.

दोन, प्रमाणपत्र मैदानावरच, त्याच दिवशी द्या. शाळेतल्या प्रत्येक मुलाची माहिती सरकारच्या पोर्टलवर आधीच भरलेली आहे. तिथूनच नाव उचला. परत टाइप करायची गरजच काय? परत टाइप केलं की ‘व्ही’ येतो.

तीन, स्पर्धेच्या दिवशी मैदानावर मुलींसाठी उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर स्पर्धा सुरूच करू नका. उद्घाटनाच्या पाहुण्यांना आधी त्याचं कुलूप काढायला लावा, मग फुगे सोडू द्या.

चार, आमच्यासाठी. खिडकीच्या आत बसणाऱ्यांसाठी. त्रुटी काढा, हव्या तेवढ्या काढा, पण एकदाच काढा. सगळ्या एका कागदावर लिहून द्या. जागा रिकाम्या आहेत, सर्व्हर बंद आहे, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी भांडायलाही हवं. पण मान वर करायला सर्व्हर लागत नाही.

आणि तुमच्यासाठी

पाच, तुमच्यासाठी. तुम्ही घाबरता. खिडकीवर आलात की आवाज बसतो. तोंडी ‘सोमवारी या’ ऐकून परत जाऊ नका. अर्जाची पोचपावती घ्या. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि कुणी द्यायची, याचा फलक कार्यालयात असतो. असायलाच हवा. तो वाचा. मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं आणि पुरेसं कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. त्या पोरानं माझ्याविरुद्ध अपील केलं असतं, तर मला तेव्हा भयंकर राग आला असता. पण कदाचित तो आज चाकणला नसता. आज वाटतं, करायला हवं होतं त्यानं.

अजून एक. तुम्ही खेळत असाल तर घरच्यांशी बोला. माझ्या लेकीनं एसटीत ते एक वाक्य म्हटलं नसतं, तर मी अजूनही दोरीला पोट लावून ओरडत असतो आणि तो माझ्या मते पाठिंबा असता. दिवसभर साहेबांचं ऐकलेलं, लोकांचं ऐकलेलं, रजेसाठी केलेलं आर्जव, एसटीतले धक्के हे सगळं घेऊन बाप मैदानावर येतो आणि तिथं एकच माणूस असा असतो जो उलट बोलणार नाही. पळणारं लेकरू. मग सगळं त्याच्यावर निघतं. हे चूक आहे. आम्हाला ते कळत नसतं, असं नाही. कुणीतरी म्हणावं लागतं.

आणि जे आज अभ्यासिकेत बसलेत, उद्या माझ्या खुर्चीत बसणार आहेत, त्यांना तर खास सांगतो. तुम्हाला आज जो राग येतो ना आमचा, तो जपून ठेवा. ‘नोकरी लागली की बघू’ म्हणून टाकून देऊ नका. लागल्यावर दोन-तीन वर्षांत तो विरतो. माझाही विरला होता. २००८ ला जॉइन झालो तेव्हा मीही ठरवलं होतं, आपण असं वागायचं नाही.

मी काही रातोरात सुधारलो, असं नाही. गेल्याच आठवड्यात एका आजोबांवर खेकसलो. पण एक गोष्ट सुरू केली आहे. अर्ज आला की आधी सगळे कागद पाहतो, मग तोंड उघडतो. काय काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून देतो. त्यानं रांग थोडी हळू सरकते. पण तीच माणसं परत परत येत नाहीत, त्यामुळं महिन्याच्या शेवटी रांग छोटी झालेली असते. सतरा वर्षं नोकरी केल्यावर हे कळलं. उशीरच झाला.

लेक आता अकरावीत आहे. मध्ये म्हणाली होती, ‘बास झालं पप्पा, सोडते. पळायची भीती नाही वाटत, कागदांची वाटते.’ मी काहीच बोललो नाही. चार दिवस ती ग्राउंडवर गेली नाही. पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला तिचे स्पाइक्स पिशवीत भरल्याचा आवाज आला. कुणी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. आता ती १९ वर्षांखालील गटात पळणार. पुन्हा तालुका, पुन्हा जिल्हा, पुन्हा मंगळवार. रजा यंदाही आठच.

तिनं अट घातली आहे. मैदानावर यायचं, पण दोरीपासून लांब बसायचं. पिशवी सांभाळायची आणि ओरडायचं नाही. मी कबूल केलंय. जमेल की नाही, माहीत नाही.

आणि तुम्ही कधी माझ्या खिडकीवर आलात आणि मी मान वर केली नाही, तर गपचूप परत जाऊ नका. म्हणा, ‘काका, वर बघा.’

बघेन.